रविवार मिळाला, बोटांचे काय?

१/ रविवारची सुट्टी कोणी मिळवून दिली, हा प्रश्न इतिहासाच्या प्रत्येक प्रश्नमंजूषेत हमखास येतो आणि उत्तरही आता पाठ झाले आहे : नारायण मेघाजी लोखंडे, १० जून १८९०. पण ज्या निवेदनात ती सुट्टी मागितली होती, त्याच निवेदनातील शेवटची मागणी कोणती, असे विचारले की सारे गप्प होतात. हा धागा त्या विसरलेल्या मागणीचा आहे. आणि मोर्शीचा.

२/ मोर्शीच का? मराठीच्या अभ्यासकाला हा तालुका रिद्धपूरमुळे ठाऊक असतो. गोविंदप्रभूंचे गाव, महानुभावांची काशी, लीळाचरित्राची जन्मभूमी. बागायतदाराला तो संत्र्यामुळे ठाऊक असतो, तर अमरावतीकरांना सिंभोऱ्याच्या धरणामुळे. या तिन्ही ओळखी खऱ्या आहेत. पण या तालुक्याला आणखी एक इतिहास आहे. त्याचा ना शिलालेख आहे, ना ताम्रपट. तो माणसांच्या हातांवर कोरलेला आहे.

३/ मोर्शी, वरूड, परतवाडा, दर्यापूर, कोणत्याही बाजारगावी जा. उसाची रसवंती, पिठाची चक्की, मिरचीचे कांडप, तेलाचा एक्स्पेलर, डाळ मिल, संत्र्याची धुलाई-वर्गवारी. चेहरे नका पाहू, हात पाहा. एखादे बोट पेराशीच संपलेले दिसते. विचारले तर दोन शब्दांत उत्तर मिळते : ‘मशीनीत गेलं.’ आणि शेजारी उभा असलेला कोणीतरी लगेच पुस्ती जोडतो : ‘ध्यान कुठी होतं त्याचं!’

४/ या एका वाक्यात खटला उभा राहतो, साक्ष संपते आणि निकालही लागतो. दोषी कोण, तर ज्याचे बोट गेले तो. माझे म्हणणे एवढेच आहे की हा निकाल चुकीचा आहे. तो चुकीचा असल्याचे या देशातील कामगारांनी १८८४ सालीच लेखी सांगितले होते आणि कायद्याने ते १९२३ साली मान्यही केले. तरीही गावाच्या कट्ट्यावर, मालकाच्या गादीवर आणि पुष्कळदा खुद्द कामगाराच्या मनात जुनाच निकाल चालू आहे.

५/ आधी ‘ध्याना’चा हिशेब करू. ३० सेंटिमीटर व्यासाची एक पुली मिनिटाला ६०० फेरे घेते, असे समजा. तिच्यावरचा पट्टा सेकंदाला ९ मीटरांहून अधिक धावतो. धोका जाणवून हात मागे घ्यायला सावध माणसालाही साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात पट्टा २ मीटरांहून अधिक पुढे गेलेला असतो. माणसाचा अख्खा हात १ मीटरही नसतो. म्हणजे ध्यान येते तेव्हा हात गेलेला असतो.

६/ हात नेमका कुठे जातो? पट्टा पुलीला भिडतो तिथे, दोन रोलर एकमेकांकडे फिरत जवळ येतात तिथे, मळसूत्री दांडा नळीत शिरतो तिथे. आणि कधी जातो? बहुतेकदा माल अडकल्यावर. डाळ तुंबते, फळ अडते, उसाचे चिपाड गुंतते. यंत्र बंद करून सफाई करावी तर खोळंबा होतो आणि खोळंब्याचे पैसे मालक मोजतो. चालू यंत्रात हात घालणे म्हणूनच ‘हुशारी’ ठरते. त्या जागी ३ बाजूंनी जाळी बसवली असती, तर ध्यानाचा प्रश्नच उद्भवला नसता.

७/ ही यंत्रे वऱ्हाडात आली कशी? १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या कारभारात दिला, तो कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी; पण कंपनीची नजर कापसावरही होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर लोहमार्ग पुरा झाला आणि १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. रुळांच्या मागोमाग वाफेची जिनिंग-प्रेसिंग आली.

८/ जिनमधून दोन वस्तू बाहेर पडतात : रुई आणि सरकी. रुई मँचेस्टरला आणि मुंबईला गेली. सरकी मागे राहिली आणि तिने तेलाच्या गिरण्यांना जन्म दिला. तेल माणसांच्या पोटात, ढेप गुरांच्या. पुढे तुरीच्या आणि मुगाच्या डाळीचे कारखाने आले आणि अकोला तर डाळ मिलांचे शहर झाले. वऱ्हाडातील अन्नप्रक्रियेच्या यंत्राचा पूर्वज जिन आहे. मालकीची रीत, हंगामी मजुरी आणि उघडा पट्टा हे तिन्ही वारसे त्याच्याकडूनच आले.

९/ जिनवर कापूस भरायला बहुतेक ठिकाणी बाया असत. ओळीने मांडलेली जिन, त्यांना फिरवणारा एकच लांब दांडा, त्यावर फिरणारे पट्टे आणि हवेत तरंगणारी तुसे. पदर, वेणी, बांगडी यांतले काहीही गुंतायला एक क्षण पुरे. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे शेजारच्या खानदेशातील जिनिंगविषयी साक्षी झाल्या. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत आणि हंगामाच्या भरात रात्रंदिवस काम चाले, हे त्यांत नोंदले गेले. अशा वेळी ‘ध्यान’ कोणाचे राहणार होते?

१०/ आणि कायदा? पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद त्यात होती. पण कारखाना कशाला म्हणायचे? यांत्रिक शक्ती हवी, माणसे किमान १०० हवीत आणि काम वर्षातून किमान ४ महिने चालायला हवे. कापसाचा हंगाम त्याहून लवकर आटोपणारी जिन म्हणजे कारखानाच नव्हे! पट्टा तोच, दांडा तोच, हात तोच. पण कॅलेंडर पाहून कायद्याने मान फिरवली.

११/ हे लक्षात ठेवा, कारण पुढची १४० वर्षे हीच गोष्ट पुन्हा पुन्हा येणार आहे. भारतातील कारखाना कायदा प्रथम डोकी मोजतो, मग महिने मोजतो आणि या दोन्ही चाळण्यांतून जे उरेल त्यालाच संरक्षण देतो. यंत्र मात्र काहीच मोजत नाही. आपल्यासमोरचा माणूस नववा आहे की एकविसावा, हे रोलरला कळत नाही.

१२/ आता लोखंड्यांकडे येऊ. ठाण्याचा हा सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचा सहकारी, ‘दीनबंधु’चा संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. कमिशनला देण्यासाठी एक निवेदन तयार झाले आणि त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. मागण्या थोड्याच होत्या : आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार महिन्याच्या १५ तारखेच्या आत.

१३/ आणि शेवटची : कामावर गंभीर इजा झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या निर्वाहाची योग्य तरतूद व्हावी. चूक कोणाची, हा प्रश्नच त्या मागणीत नाही. इजा कामावर झाली, एवढे पुरे. तुटलेला हात हा उत्पादनाचा खर्च आहे आणि तो उत्पादनानेच सोसावा, हा विचार त्या कामगारांनी दोन ओळींत मांडला.

१४/ हा विचार जगात किती नवा होता? त्याच वर्षी, ६ जुलै १८८४ रोजी, बिस्मार्कच्या जर्मनीत अपघात विम्याचा कायदा झाला. दोष कोणाचा हे न पाहता भरपाई देणारा आणि त्याचा भार मालकवर्गावर टाकणारा तो जगातला पहिला राष्ट्रीय कायदा मानला जातो. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी परळचे कामगार तेच मागत होते. जर्मनीत ते साम्राज्याच्या चॅन्सेलरने वरून दिले. इथे ज्यांची बोटे पणाला लागली होती, त्यांनी खालून मागितले. ‘हक्काची कल्पना पश्चिमेकडून आयात झाली’ असे म्हणणाऱ्यांनी हे तारखांचे अंतर पाहावे.

१५/ साहेबाच्या देशात तेव्हा काय होते? १८३७ सालच्या एका खटल्याची छाया होती. एका खाटकाचा नोकर जास्त भार लादलेल्या गाडीवरून माल नेत असता गाडी मोडली आणि त्याची मांडी मोडली. न्यायालयाने म्हटले, मालक जबाबदार नाही. नोकराने काम पत्करले तेव्हा त्यातला धोकाही पत्करला! या निकालातून ‘सहकाऱ्याच्या चुकीला मालक जबाबदार नाही’ हे तत्त्व जन्मले आणि त्याने दोन-तीन पिढ्यांचे दावे बुडवले. ‘ध्यान कुठी होतं त्याचं’ याचे हे इंग्रजी भावंड.

१६/ इथे एक प्रामाणिक कबुली आवश्यक आहे. त्या काळातील बऱ्याच राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी फॅक्टरी कायद्यांना विरोध केला. त्यांचे म्हणणे होते, हे लँकेशायरच्या गिरणीमालकांचे कारस्थान आहे, त्यांना हिंदी उद्योगाचे पाय कापायचे आहेत. लँकेशायरचा दबाव खरा होता, हेतूही स्वच्छ नव्हता. पण वैऱ्याने स्वार्थासाठी दाखवले म्हणून आपल्या माणसाचे रक्त खोटे ठरते का? लोखंड्यांनी त्या कोंडीत तिसरी वाट काढली. त्यांनी मँचेस्टरचीही बाजू घेतली नाही आणि मलबार हिलचीही. त्यांनी हाताची बाजू घेतली.

१७/ पुढे काय झाले? रविवार १८९० मध्ये मिळाला. १८९१ च्या कायद्याने ५० माणसांचे कारखाने कवेत घेतले, बाया आणि मुलांचे तास ठरवले. इजेच्या भरपाईची मागणी मात्र तशीच राहिली. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगने लोखंडे गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटनने स्वतःच्या कामगारांसाठी भरपाईचा कायदा केला. हिंदुस्थानच्या कामगाराला अजून २६ वर्षे थांबायचे होते.

१८/ १९११ च्या कायद्याने ४ महिन्यांची अट काढली आणि हंगामी कारखाने प्रथमच कायद्याच्या व्याख्येत आले. इथे वऱ्हाडची एक गंमत सांगितली पाहिजे. १९०२ च्या कराराने वऱ्हाड इंग्रजांकडे कायमच्या भाडेपट्ट्यावर आला. कागदोपत्री मालक निजामच. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत, अधिसूचना काढून लावावे लागत. मालकी एकाची, कारभार दुसऱ्याचा आणि हात तिसऱ्याचा. ठेकेदारीचा अनुभव असलेल्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल.

१९/ मार्च १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. परळच्या निवेदनानंतर ३९ वर्षांनी. त्याच्या अनुसूचीत माणसाच्या शरीराचा दरपत्रक होता. उजवा हात कोपरापाशी किंवा वर तुटला तर कमाईची क्षमता ७० टक्के गेली, डावा असेल तर ६०. अंगठा २५ टक्के. तर्जनी १०. इतर कोणतेही बोट ५.

२०/ हिशेब करून पाहू. महिना १५ रुपये मजुरी धरा. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ४२ महिन्यांची मजुरी, म्हणजे ६३० रुपये. अंगठ्याचे २५ टक्के म्हणजे १५७ रुपये ८ आणे. पहिल्या १० दिवसांच्या अपंगत्वाला काहीच नाही. रक्कम तुटपुंजीच होती. तरीही या कायद्याने एक मोठी गोष्ट केली : भरपाई ही मालकाची दया राहिली नाही, कामगाराचे घेणे झाली.

२१/ आणि ‘ध्याना’चे काय? कायद्याने मालकाला नकाराची मोजकी कारणे दिली : कामगार नशेत होता, सुरक्षेची स्पष्ट आज्ञा त्याने जाणूनबुजून मोडली किंवा सुरक्षेची जाळी जाणूनबुजून काढली. साधा निष्काळजीपणा या यादीत नाही. डुलकी लागली, नजर हलली, थकव्याने हात चुकला, तरी भरपाई द्यावीच लागते. आजच्या कायद्यात तर मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर ही कारणेही चालत नाहीत. कट्ट्यावरचा निकाल १ जुलै १९२४ रोजीच रद्द झाला आहे. तो कट्ट्यापर्यंत पोहोचला नाही, एवढेच.

२२/ आता अन्नाच्या उद्योगाकडे नीट पाहू, कारण इथे अन्याय एका खास रीतीने लपतो. १९०६ साली अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. शिकागोच्या मांस-कारखान्यांतील स्थलांतरित मजुरांचे हाल दाखवावे म्हणून त्यांनी ती लिहिली होती. वाचक हादरले, पण आपल्या ताटातल्या मांसाच्या विचाराने. त्याच वर्षी जूनअखेर मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे अमेरिकेत झाले. ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिले, त्या मजुरांच्या हातांसाठी एकही नाही.

२३/ आपले वेगळे नाही. डाळीच्या वा रसाच्या कोणत्याही पाकिटावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक असतो. तो असायलाच हवा. पण ती डाळ सडताना, तो रस काढताना कोणाचे काही गेले का, हे सांगणारा एकही अंक त्या पाकिटावर नाही. खाणाऱ्याच्या पोटाची काळजी छापील आहे. करणाऱ्याच्या हाताची अदृश्य.

२४/ वरूड-मोर्शीला ‘विदर्भाचे कॅलिफोर्निया’ म्हणण्याची आपल्याला हौस आहे. खऱ्या कॅलिफोर्नियाने १९१३ च्या कायद्याने मालकांवर भरपाईची सक्ती केली. त्या कायद्यातूनही शेतमजूर वगळले होते. उपमा घ्यायचीच तर पूर्ण घ्यावी : संत्र्याची गोडीही आणि वगळलेल्यांची यादीही.

२५/ आपली वगळलेल्यांची यादी १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात तयार झाली. ‘हंगामी कारखाने’ : कापसाची जिनिंग-प्रेसिंग, भुईमूग फोडणे, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर व गूळ, चहा. बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास, यांना ६०. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि पुढे हीच यादी त्याच्या व्याख्येत जाऊन बसली. यातला कारखाना असेल तर विमा नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे, नीळ आणि लाखेसकट. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. निळीचे मळे इतिहासजमा झाले, यादी नाही.

२६/ विमा असण्या-नसण्याने काय फरक पडतो? राज्य विम्यातला कामगार जखमी झाला तर बरा होईपर्यंत त्याला मजुरीच्या सुमारे ९० टक्के मिळतात आणि कायमचे अपंगत्व आले तर त्या प्रमाणात जन्मभर दरमहा रक्कम. विम्याबाहेरच्या कामगाराला भरपाईच्या तरतुदींखाली दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मी मजुरी. कायमच्या इजेला एकरकमी पैसे, पुढे काही नाही.

२७/ आता परळचे निवेदन शेजारी ठेवा. १८८४ : बरा होईपर्यंत पूर्ण पगार. आज, मोर्शीच्या ८ माणसांच्या गिरणीत : अर्धा. १८८४ : जन्माचा अधू झाल्यास निर्वाहाची तरतूद. आज : एकदाच काही लाख, तेही दावा जिंकला तर. १४० वर्षांनंतर आपला कायदा निरक्षर ठरवल्या गेलेल्या त्या ५,५०० सह्यांच्या अर्ध्या वाटेवर उभा आहे. रविवारचे श्रेय घेताना ही अर्धी उधारीही वहीत लिहावी.

२८/ वाट पुढे सरकते आहे की मागे? १९४८ च्या कारखाने अधिनियमात यंत्रशक्तीवर चालणारे १० कामगारांचे ठिकाण हा कारखाना होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तो आकडा २० केला. मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये १० कामगारांच्या आस्थापनेला लागू राहतात, हे खरे. पण ‘कारखाना’ म्हणून असलेली कडक चौकट २० वर गेली. आणि वऱ्हाडातल्या कित्येक चक्क्या, कांडप आणि लहान मिल १० च्याही खालीच आहेत. १८८१ मध्ये १००, १८९१ मध्ये ५०, १९२२ मध्ये २०, १९४८ मध्ये १०. जो आकडा सारखा उतरत होता, तो प्रथमच चढला.

२९/ ‘लहान उद्योग मरेल,’ असे म्हटले जाते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. लहान गिरणीचा मालक पुष्कळदा स्वतःच यंत्रावर उभा असतो आणि त्याचीही बोटे जातात. पण पट्ट्यावरची जाळी हा यंत्राच्या किमतीतला किरकोळ भाग आहे. भरपाईची जोखीम विम्यावर टाकता येते. आणि खर्च कोणीच करत नाही असेही नाही. आज तो खर्च कामगाराचे घर करते : बायकोच्या मंगळसूत्रातून, मुलीच्या सुटलेल्या शाळेतून, सावकाराच्या वहीतून. प्रश्न खर्च करावा की नाही हा नाहीच. तो कोणी करावा, हा आहे.

३०/ कायदा यंत्र मोजू शकत नाही, असे कोणी म्हणेल तर १९८३ चा धोकादायक यंत्रे कायदा दाखवा. उत्तर भारतात गव्हाच्या मळणी यंत्रांनी हात तोडायला सुरुवात केल्यावर संसदेने तो केला. त्याचा रोख माणसांच्या संख्येवर नसून यंत्रावर आहे : यंत्र बनवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर, चालवणाऱ्यावर. मळणी यंत्राला जे तत्त्व लागू होते, ते रसवंतीच्या रोलरला आणि डाळ मिलच्या पट्ट्याला का नको?

३१/ आता सर्वांत महत्त्वाचे. जे आहे ते तरी घ्या. भरपाईचा हक्क कामगारांच्या संख्येवर अवलंबून नाही. यंत्रशक्तीवर उत्पादन चालते अशा लहानशा गिरणीतला कामगारही तो मागू शकतो. ‘रोजंदारीवर होता’ ही सबब २००० सालच्या दुरुस्तीने संपवली. ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालकाकडे दावा करता येतो. आणि २०२० च्या संहितेने भरपाईचे सूत्र कायम ठेवले आहे.

३२/ ते सूत्र असे. वय २५, मजुरी महिना १२,००० रुपये, अंगठा गेला. मजुरीचे ६० टक्के म्हणजे ७,२००. त्याला २५ वर्षे वयाचा गुणक २१६.९१. येतात १५,६१,७५२ रुपये. अंगठ्याचे आज ३० टक्के. म्हणजे ४,६८,५२५ रुपये. औषधोपचाराचा खर्च वेगळा. गावात अशा वेळी काय मिळते, हे वाचकांनी आपापल्या गावी विचारून पाहावे आणि दोन्ही आकडे शेजारी लिहावेत.

३३/ अनुसूचीतली टक्केवारी ही शेवटची रेषाही नव्हे. १९७६ मध्ये एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. न्यायालयाने म्हटले, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यापुरते हे पूर्ण अपंगत्वच. भरपाई देण्याचे दायित्व अपघाताच्या दिवसापासून सुरू होते, हेही त्याच निकालाने स्पष्ट केले. शरीर किती गेले यापेक्षा रोजगार किती गेला, हे पाहायचे असते.

३४/ दावे का बुडतात? पहिले कारण दवाखान्यात घडते. ‘घरी पडलो म्हणून सांग, बाकी मी पाहतो,’ असे सुचवले जाते आणि केसपेपरवर खोटे कारण चढते. कारण खरेच सांगावे : कोणत्या ठिकाणी, कोणत्या यंत्रात, किती वाजता. केसपेपर, यंत्राचे छायाचित्र, सोबत्यांची नावे, मजुरी खात्यात आल्याची नोंद जपून ठेवावी. मालकाला लेखी कळवावे. दावा २ वर्षांच्या आत करावा. आजवर ही प्रकरणे अमरावती-अकोल्यासारख्या ठिकाणी कामगार न्यायालयाने ऐकली आहेत. हा संकटाच्या वेळचा बखरकाराचा धर्म आहे : नोंद त्याच दिवशी करायची.

३५/ दुसरे कारण मुद्रांक कागद. ‘आता माझे काही घेणे नाही’ असे लिहून घेऊन थोडी रक्कम हातात ठेवतात. हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने शून्यवत आहे. तडजोड करायचीच तर ती प्राधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. मृत्यू झाला असेल तर भरपाई परस्पर देता येतच नाही, ती प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. हे नियम कोणी उगीच केलेले नाहीत. शोकात बुडालेल्या घरात पैसे घेऊन कोण, कधी आणि कशासाठी येतो, हे ओळखून केले आहेत.

३६/ मागण्या चारच आणि चारही जुन्या. यंत्र विकतानाच त्याला जाळी आणि हाताशी बंद-कळ असावी. संरक्षण माणसांच्या संख्येला नव्हे, यंत्राला जोडावे. हंगामी कारखान्यांची १९३४ ची यादी विम्याच्या व्याख्येतून काढावी. आणि बरा होईपर्यंत पूर्ण मजुरी द्यावी. शेवटची मागणी माझी नाही. ती सुपारीबागेतली आहे.

३७/ इतिहासावर प्रेम असणाऱ्यांना एक काम सांगून थांबतो. आपण किल्ल्यांची मापे घेतो, वीरगळ शोधतो, मोडीतील पत्रे वाचतो. युद्धात हात गमावलेल्याची वंशावळ आपल्याला ठाऊक असते. आता आपल्या गावातील चक्कीवर, कांडपावर, मिलमध्ये हात गमावलेल्या एका माणसाशी बोला. साल, यंत्र, काय मिळाले आणि काय लिहून घेतले, एवढे त्याच्या संमतीने टिपून ठेवा. मोर्शी तालुक्यात महानुभावांनी आपल्या गुरूच्या आठवणी गावोगावच्या माणसांना विचारून टिपल्या, म्हणून मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ उभा राहिला. विचारून लिहिणे ही इथलीच रीत आहे.

३८/ येत्या रविवारी उशिरा उठाल तेव्हा लोखंड्यांची आठवण ठेवा. आणि आठवणीसोबत ही उधारीही : त्या निवेदनातली पहिली मागणी आपण उपभोगतो आहोत, शेवटची अजून फेडायची आहे. पुढच्या वेळी कोणी म्हणाले ‘ध्यान कुठी होतं त्याचं’, तर एकच उलट प्रश्न विचारा. जाळी कुठी होती?